वॉलपेपर निवडण्याआधी भिंत तपासावी : तीन भिंती, तीन वेगळे निर्णय

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यातील बारा-तेरा वर्षे जुन्या इमारतीत आपण दोन बेडरूमचा फ्लॅट विकत घेतला आहे. दिवाळीआधी रंगकाम करायचे आहे आणि त्याच वेळी हॉलमधील सोफ्यामागची भिंत, बेडरूममध्ये पलंगाच्या डोक्याकडे येणारी पश्चिमेची भिंत आणि चिपळूणजवळच्या वडिलोपार्जित घरातील माजघराची एक भिंत, अशा तीन ठिकाणी वॉलपेपर लावण्याचा आपला विचार आहे. दुकानदार म्हणतो की कोणत्याही भिंतीला कोणताही वॉलपेपर चालतो, आणि रंगारी म्हणतो की आपल्याकडच्या हवेत वॉलपेपर टिकतच नाही. यांपैकी कोणाचे ऐकावे, असे आपण विचारले आहे.

दोघांच्याही म्हणण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे सगळ्या भिंती सारख्याच असतात. प्रत्यक्षात वॉलपेपर किती टिकेल हे कागदाच्या किमतीपेक्षा त्यामागच्या भिंतीवर अधिक अवलंबून असते, आणि आपल्या तीनही भिंती एकमेकींपासून अगदी वेगळ्या आहेत. माझे उत्तर आधीच सांगून टाकतो : हॉलमधील भिंतीला वॉलपेपर जरूर लावावा, बेडरूमच्या भिंतीचा निर्णय ओलीची चाचणी केल्यानंतरच घ्यावा, आणि लावायचाच झाला तर तिथे व्हिनाइल (प्लॅस्टिकचा थर असलेला वॉलपेपर) लावू नये, चिपळूणच्या भिंतीला मात्र वॉलपेपर लावूच नये. यामागची कारणे आता सविस्तर पाहू.

वॉलपेपरचा खरा शत्रू ओल आहे, आणि ओल भिंतीत चार-पाच वाटांनी येते. मुंबई, ठाणे आणि कोकणपट्टीत पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो. त्यामुळे इमारतीच्या पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या बाहेरच्या भिंती चार महिने भिजत राहतात. आरसीसीचे बीम आणि विटांचे किंवा ब्लॉकचे बांधकाम यांच्या सांध्यावर काही वर्षांनी केसासारख्या बारीक भेगा पडतात आणि पाणी बहुधा तिथूनच आत शिरते. दुसरी वाट बाथरूमची : टाइल्सच्या सांध्यांतील भराव झिजला किंवा भिंतीतल्या पाइपाचा जोड पाझरू लागला की पलीकडच्या खोलीच्या भिंतीवर, बहुतेक वेळा जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत, रंग फुगतो. तळमजल्याच्या घरात जमिनीतील पाणी भिंतीतून वर चढते, सर्वांत वरच्या मजल्यावर ते गच्चीच्या स्लॅबमधून उतरते, आणि खिडकीच्या चौकटीखालच्या कोपऱ्यांत ते कोणत्याही मजल्यावर सापडते. रंगाच्या भिंतीवर ओल आली की पोपडे निघतात, पांढरा लोणा फुटतो, आणि दोष आपल्या डोळ्यांसमोर येतो. वॉलपेपरच्या मागे मात्र तीच ओल कित्येक महिने दिसत नाही, आणि ती दिसू लागते तेव्हा कागदाच्या मागे बुरशीचा थर तयार झालेला असतो. बुरशीला वाढण्यासाठी ओलाव्याबरोबर अन्न लागते. ते तिला खळीतल्या स्टार्चमधून आणि कागदातल्या सेल्युलोजमधून आयते मिळते. खळीच्या याच ओढीने कसर आणि झुरळेही तिथे येतात.

कागद, ओल आणि बुरशी यांचे नाते युरोपने फार महाग किंमत देऊन शिकून घेतलेले आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे हिरव्या रंगाच्या वॉलपेपरची मोठी आवड होती, आणि तो हिरवा रंग बहुधा आर्सेनिकपासून केलेला असे. अशा रंगांतील पहिला रंग कार्ल विल्हेल्म शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७७५ च्या सुमारास तयार केला होता. अशा कागदावर दमट खोलीत बुरशी वाढली की विषारी वायू निर्माण होतो, हे इटलीतील बार्तोलोमेओ गोसिओ यांनी १८९० च्या दशकात प्रयोगाने दाखवून दिले. आजच्या रंगांत ते विष नाही. पण ओलसर भिंतीवरील खळ ही बुरशीची आवडती जागा असते, हे तेव्हाही खरे होते आणि आजही आहे, आणि ज्या घरात दमा किंवा सततची सर्दी असलेले कोणी राहते तिथे ही बाब हलक्याने घेण्यासारखी नाही.

म्हणून पहिले काम चाचणीचे. दुकानातून जाड, पारदर्शक प्लॅस्टिक आणावे, त्याचे साधारण दीड फूट बाय दीड फुटाचे तुकडे कापावेत आणि संशयित भिंतीवर तीन ठिकाणी, म्हणजे जमिनीजवळ, कमरेच्या उंचीवर आणि छताखाली, चारही कडा रुंद चिकटपट्टीने हवाबंद करून लावावेत. एक ते दोन दिवसांनी पाहावे. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला बारीक थेंब जमले असतील किंवा त्याखालची भिंत भोवतालच्या भिंतीपेक्षा गडद दिसत असेल, तर पाणी भिंतीतून येत आहे. थेंब बाहेरच्या बाजूला असतील तर ते खोलीतल्या दमट हवेचे आहेत, आणि तो प्रश्न खिडक्या, पंखे आणि खेळती हवा यांच्या मदतीने सुटतो. ही चाचणी पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबरमध्ये करावी, कारण एप्रिलमध्ये कोरडी निघालेली पश्चिमेची भिंत काहीच सिद्ध करत नाही. आपल्याला घर नुकतेच मिळाले आहे, त्यामुळे आधीच्या मालकांना किंवा वरच्या-खालच्या शेजाऱ्यांना मागच्या पावसाळ्यात कोणत्या भिंती ओल्या झाल्या होत्या हेही विचारून घ्यावे. विक्रीआधी नुकताच रंग दिलेल्या घरात भिंतीकडे नुसते पाहून काहीही कळत नाही.

आता बेडरूमच्या भिंतीबद्दल थोडे अधिक, कारण तिथे आणखी एक गुंतागुंत आहे. आपण लिहिले आहे की त्या खोलीत एसी रात्रभर चालतो. बाहेरची हवा गरम आणि दमट, आतली हवा थंड आणि कोरडी, अशा स्थितीत पाण्याची वाफ बाहेरून आतल्या दिशेने सरकत असते. आतल्या पृष्ठभागावर व्हिनाइलचा, म्हणजे प्लॅस्टिकचा, अभेद्य थर असेल तर ती वाफ नेमकी त्या थराच्या मागे अडते, आणि तीच जागा एसीमुळे थंड झालेली असल्याने तिथे तिचे पाणी होते. अमेरिकेत फ्लोरिडासारख्या दमट प्रदेशातील हॉटेलांमध्ये व्हिनाइल वॉलपेपरच्या मागे मोठ्या प्रमाणावर बुरशी निघाल्याची उदाहरणे बांधकाम क्षेत्रात परिचित आहेत, आणि कारण हेच होते. आपल्या किनारपट्टीवरची हवा त्याहून वेगळी नाही. म्हणून पश्चिमेची बाहेरची भिंत आणि एसी हा योग जिथे आहे तिथे व्हिनाइल वर्ज्य समजावे. चाचणीत भिंत कोरडी निघाली तर वरती प्लॅस्टिकचा थर नसलेला साधा नॉन-वोव्हन (न विणलेल्या तंतूंचा) वॉलपेपर चालेल, कारण त्यातून वाफ आरपार जाऊ शकते. भिंत ओली निघाली तर आधी सोसायटीकडून बाहेरच्या भेगा भरून घेऊन बाहेरचा रंग करून घ्यावा लागेल. आतून वॉटरप्रूफ रंगाचे हात मारून तो प्रश्न मिटत नाही, पाणी शेजारच्या जागेतून वाट काढते. एवढे सगळे करायचे नसेल तर पलंगासमोरची, घराच्या आतली भिंत वॉलपेपरसाठी निवडावी. मला तर झोपताना डोळ्यांसमोर असलेली भिंत सजवणे डोक्यामागची भिंत सजवण्यापेक्षा नेहमीच अधिक सयुक्तिक वाटत आले आहे.

चिपळूणच्या घराचे उत्तर छोटे आहे. आपल्या वर्णनावरून ते जांभ्या दगडाचे, मातीच्या किंवा चुन्याच्या गिलाव्याचे जुने घर आहे. जांभा सच्छिद्र असतो, तो पावसाळ्यात पाणी शोषतो आणि हिवाळा-उन्हाळ्यात सोडून देतो, आणि वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या त्या भागात जुनी घरे याच देवाणघेवाणीवर उभी आहेत. अशा भिंतीवर कोणताही थर चिकटवून तिचे वाळणे थांबवले की गिलावा आतून भुसभुशीत होतो, आणि वॉलपेपर उतरताना गिलाव्यासह उतरतो. तिथे चुन्याची सफेदी किंवा वाफ जाऊ देणारा खनिज रंगच द्यावा. आपल्याला नक्षीच हवी असेल तर लाकडी चौकटीवर ताणलेले छापील कापड भिंतीपासून बोटभर अंतर ठेवून टांगावे. ते पावसाळ्यात उतरवून ठेवताही येते.

हॉलमधील सोफ्यामागची भिंत दोन खोल्यांच्या मधली, घराच्या आतली, बाथरूमला न लागणारी आहे. वॉलपेपरला याहून चांगली जागा मिळत नाही, त्यामुळे पुढचे सगळे विवेचन मुख्यतः तिच्यासाठी आहे.

बाजारात मिळणाऱ्या वॉलपेपरचे प्रकार समजून घेताना वरच्या नक्षीऐवजी मागची बाजू उलटून पाहावी. साधा कागदी वॉलपेपर खळ लागली की ओला होऊन पसरतो, म्हणून त्याला खळ लावून पाच-दहा मिनिटे मुरू द्यावे लागते आणि मगच भिंतीवर चढवावे लागते. घाई केली तर तो भिंतीवर पसरतो आणि फुगे येतात. नॉन-वोव्हन म्हणजे सेल्युलोज आणि पॉलिएस्टर यांच्या तंतूंचे न विणलेले पातळ पत्र. ते ओले झाले तरी पसरत किंवा आकसत नाही, त्यामुळे खळ थेट भिंतीवर लावून कोरडा पट्टा चढवता येतो आणि पुढे काढतानाही तो बहुधा अख्खाच्या अख्खा निघतो. व्हिनाइलमध्ये कागदाच्या किंवा नॉन-वोव्हनच्या पाठीवर पीव्हीसीचा थर असतो. तो ओल्या फडक्याने पुसता येतो, मुलांच्या हातांचे डाग सहन करतो, आणि म्हणून आपल्या हॉलसाठी नॉन-वोव्हन पाठीचा व्हिनाइल वॉलपेपर ही माझी शिफारस आहे. गवताच्या किंवा तागाच्या धाग्यांचे वॉलपेपर दिसायला अतिशय सुंदर असतात, पण त्यांचे सांधे दिसतातच, त्यांवर पडलेला चहाचा थेंब निघत नाही, आणि दमट हवेत त्यांना वास धरतो. किनारपट्टीवर ते मी सुचवत नाही, पुणे-नाशिककडच्या कोरड्या हवेत त्यांचा विचार करता येईल.

पाठीला गोंद असलेले चिकटवायचे रोल आणि फोमचे विटांसारखे दिसणारे पत्रे सध्या फार खपतात. कपाटाच्या आत, फळ्यांच्या मागे किंवा भाड्याच्या घरातील एखाद्या छोट्या तुकड्यासाठी ते ठीक आहेत. अख्ख्या भिंतीवर ते लावू नयेत. सांधे लवकर उचलतात, काढताना रंग आणि पुट्टी सोबत घेऊन येतात, आणि फोमचे पत्रे तर ओल झाकण्यासाठीच घेतले जातात, जे सर्वांत वाईट आहे. स्वयंपाकघरात शेगडीजवळ प्लॅस्टिकचा कोणताही वॉलपेपर नको, आणि देवघरात समई-उदबत्तीची काजळी धरते म्हणून तिथेही नको.

रोलच्या वेष्टणावरची चिन्हे वाचायला शिकावे, ती उपयोगाची असतात. एक नागमोडी रेघ म्हणजे ओल्या स्पंजने अलगद टिपता येते, दोन रेघा म्हणजे धुता येते, तीन म्हणजे अधिक चांगले धुता येते आणि ब्रशचे चिन्ह म्हणजे घासता येते. अर्धा सूर्य म्हणजे रंग उन्हात मध्यम टिकतो आणि पूर्ण सूर्य म्हणजे चांगला टिकतो. आपल्या हॉलला पश्चिमेची मोठी खिडकी असल्याने पूर्ण सूर्याशिवाय घेऊ नये. बाणांची चिन्हे नक्षीच्या जुळणीबद्दल असतात : बाणाशेजारी शून्य असेल तर पट्टे कसेही जोडता येतात, दोन बाण समोरासमोर असतील तर नक्षी सरळ रेषेत जुळते, आणि ते वरखाली सरकलेले असतील तर प्रत्येक पुढचा पट्टा अर्धी नक्षी खाली सरकवून लावावा लागतो. वेष्टणावर छपाईचा लॉट क्रमांकही असतो. सगळ्या रोलवर तो एकच असल्याची खात्री दुकानातच करून घ्यावी, कारण दोन लॉटमधील छटेचा फरक हातात रोल धरल्यावर कळत नाही आणि भिंतीवर शेजारी लागल्यावर लपत नाही.

मापाच्या बाबतीत मात्र मी आपल्याला थोडे थांबवतो, कारण सर्वाधिक वाद इथेच होतात. आपली भिंत ३.२० मीटर रुंद आणि २.८५ मीटर उंच आहे, म्हणजे सुमारे ९८ चौरस फूट. नेहमीचा रोल ५३ सेंटिमीटर रुंद आणि १०.०५ मीटर लांब असतो. दुकानात तो ५७ चौरस फुटांचा म्हणून सांगतात. ५७ दुणे ११४, म्हणून दोन रोल पुरतील आणि वर थोडा उरेल, असा हिशेब दुकानदाराने आपल्याला दिला आहे. पण वॉलपेपर चौरस फुटांत लागत नाही, पट्ट्यांत लागतो. छताजवळ आणि जमिनीजवळ छाटणीसाठी पाच-पाच सेंटिमीटर धरले की एक पट्टा २.९५ मीटरचा झाला, आणि एका रोलमधून असे तीनच पट्टे निघतात, उरलेला १.२० मीटरचा तुकडा भिंतीच्या उंचीला पुरत नाही. दोन रोलांचे सहा पट्टे, प्रत्येकी ५३ सेंटिमीटर, म्हणजे ३.१८ मीटर. भिंत ३.२० मीटर आहे. दोन सेंटिमीटरची उभी फट वरपासून खालपर्यंत उघडी राहील, आणि तेव्हा त्याच लॉटचा तिसरा रोल मिळेलच असे नाही. म्हणून तिसरा रोल आताच घ्यावा. तो फारसा वाया जात नाही, कारण नक्षी मोठी असेल, समजा ६४ सेंटिमीटरनंतर ती पुन्हा येत असेल, तर प्रत्येक पट्टा पाच पूर्ण नक्ष्यांचा, म्हणजे ३.२० मीटरचा धरावा लागतो आणि एका रोलमध्ये तीन पट्टे जेमतेम बसतात. पहिला पट्टा चुकला तर हाताशी काही उरलेले असावे लागते. शिवाय पुढे एसीचे पाइप बदलताना किंवा स्विचबोर्ड हलवताना भिंत फोडली गेली तर दुरुस्तीसाठी हाच उरलेला कागद लागतो. कोरियन पद्धतीचा रुंद रोल १.०६ मीटर बाय १५.६ मीटर असतो. आपल्या भिंतीला त्याचे चार पट्टे लागतील, एका रोलमधून पाच निघतील, आणि सांधे सहाऐवजी तीनच राहतील. नक्षी आवडली तर हा पर्याय हिशेबाने अधिक चांगला आहे, मात्र इतका रुंद पट्टा लावायला दोन सराईत माणसे लागतात.

मजुरीचा दर विचारताना तो रोलमागे आहे की चौरस फुटामागे, आणि त्यात खळ, प्रायमर आणि जुना रंग खरवडणे धरले आहे की नाही, हे लेखी घ्यावे.

आता भिंतीची तयारी, ज्याला वेळ दिला जात नाही. आपल्या हॉलमध्ये जुना डिस्टेंपर आहे असे दिसते. तळहात फिरवल्यावर पांढरी भुकटी हाताला लागत असेल तर तो बहुधा डिस्टेंपरच आहे. भुकटी धरणाऱ्या रंगावर वॉलपेपर लावला की तो भिंतीला चिकटत नाही, त्या भुकटीला चिकटतो, आणि पहिल्याच पावसाळ्यात सांधे उचलू लागतात. तो पूर्ण खरवडून काढावा, भेगा भराव्यात, पुट्टीचे दोन हात द्यावेत, बारीक पॉलिश पेपरने घासावे आणि धूळ ओलसर फडक्याने पुसून घ्यावी. त्यानंतर रात्री खोलीतले सगळे दिवे घालवून टॉर्च भिंतीला चिकटवून धरावा, प्रकाश भिंतीवरून सपाट जाईल असा, आणि तो हळूहळू सरकवत न्यावा. दिवसा गुळगुळीत वाटलेल्या भिंतीवर पुट्टीच्या लाटा, वाळूचे कण, ब्रशचे केस असे सगळे काही सावल्यांसह दिसू लागते. चकाकणाऱ्या वॉलपेपरखाली यातला प्रत्येक कण उमटतो, आणि आपण वर पडद्याच्या खाचेत भिंतीवर प्रकाश सोडणारे दिवे लावणार असल्याने ही काळजी दुप्पट घ्यावी लागेल. पूर्वीचा टेक्स्चर पेंट असेल तर तो पुट्टीने पूर्ण सपाट करावा लागतो.

पुट्टीवर पाण्यात विरघळणाऱ्या ॲक्रिलिक प्रायमरचा हात अनिवार्य आहे, आणि तो वाचवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. कोरी पुट्टी खळीतले पाणी क्षणात शोषून घेते, त्यामुळे पट्टा भिंतीवर सरकवून जुळवायला वेळच मिळत नाही. आणि काही वर्षांनी वॉलपेपर काढताना पुट्टीचे पापुद्रे सोबत येतात. प्रायमरचा रंग पांढरा किंवा कागदाच्या तळरंगाजवळचा असावा, कारण पातळ नॉन-वोव्हनमधून खालचे गडद डाग दिसतात. खळीसाठी वॉलपेपरची तयार पावडर आणावी, बुरशीरोधक असलेली मिळते. अनेक कारागीर तिच्यात लाकूडकामाचा पांढरा गोंद भरपूर मिसळतात. सांध्यांच्या कडेला थोडासा गोंद समजण्यासारखा आहे, पण सगळ्या भिंतीवर तो असेल तर पुढे वॉलपेपर काढणे म्हणजे भिंत तासणेच होय.

नक्षी आणि रंग हा आपल्या आवडीचा प्रांत आहे, तरी काही अनुभवाच्या गोष्टी सांगतो. लहान खोलीत बारीक नक्षीच घ्यावी, हा समज मला पटत नाही. साडेदहा फुटांच्या भिंतीवर बारीक नक्षी दुरून नुसती गिचमिड दिसते, आणि मोठ्या पानांची, मोकळ्या जागा असलेली, तीनच रंगांची नक्षी तीच भिंत शांत आणि मोठी करते. नमुना-पुस्तकातले पान घरी आणावे, सोफ्याच्या पाठीच्या वर चिकटवावे आणि सकाळी, दुपारी चार वाजता पश्चिमेचे ऊन येते तेव्हा आणि रात्री दिव्याखाली असे तीन-चार दिवस पाहावे. दुकानातल्या पांढऱ्या प्रकाशात राखाडी दिसलेला कागद घरातल्या पिवळसर एलईडीखाली हिरवट दिसू शकतो. उरलेल्या तीन भिंतींचा रंग वॉलपेपर निश्चित झाल्यावर, त्यातल्या सर्वांत फिक्या छटेवरून ठरवावा. रंग हजारो छटांत मिळतो, वॉलपेपर तसा मिळत नाही. टीव्हीमागे गजबजलेली नक्षी नको, डोळ्यांना त्रास होतो. आपण सोफ्यामागची भिंत निवडलीत हे योग्य केलेत.

आपल्याला वारली चित्रांचे डिजिटल छपाईचे म्युरलही आवडले आहे. ते करायचे असेल तर छपाई पूर्ण आकारात १०० ते १५० डीपीआयच्या (दर इंचातील ठिपक्यांच्या) आसपास हवी, चित्र आपल्या भिंतीच्या अचूक मापाला बेतलेले हवे, सोफ्यामागे झाकला जाणारा खालचा भाग आधीच लक्षात घेतलेला हवा, आणि शाई लॅटेक्स प्रकारची, म्हणजे पाण्यावर आधारित, हवी; सॉल्व्हेंट शाईचा वास बंद खोलीत बरेच दिवस रेंगाळतो. एक विनंती : वारलीची नक्षी इंटरनेटवरून उचलून छापून घेण्यापेक्षा पालघर-डहाणूकडच्या एखाद्या वारली चित्रकाराकडून चित्र काढून घ्यावे आणि त्याच्या मोबदल्यासह परवानगीने ते छापावे, किंवा थेट त्या भिंतीवरच काढून घ्यावे. छापील वारली आणि हाताने रेखलेली वारली यांत पडणारा फरक आपल्याला रोज दिसत राहील.

लावण्याच्या दिवशी आपण स्वतः हजर राहावे आणि तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, कारागीर ओळंबा धरून पहिल्या पट्ट्याची उभी रेघ भिंतीवर आखतो की कोपऱ्यावर विश्वास टाकतो. आपल्या इमारतींतील कोपरे क्वचितच ओळंब्यात असतात; पहिला पट्टा कोपऱ्याला धरून लावला तर सहाव्या-सातव्या पट्ट्यापर्यंत नक्षी छताशी तिरकी झालेली उघड दिसते. दुसरी, पंखा आणि एसी बंद आहेत की नाहीत. काम चालू असताना आणि त्यानंतरचा एक पूर्ण दिवस ते बंदच हवेत, कारण जोराच्या हवेने कडा आधी वाळतात, आकसतात आणि सांधे उघडतात. गरम होत असले तरी हे सहन करावे लागेल. तिसरी, स्विचबोर्डजवळ एमसीबी (वीज तोडणारे मुख्य बटण) बंद करून, पट्टी सैल करून, कागदाला फुलीचा छेद देऊन कडा पट्टीच्या मागे सरकवल्या जातात का. धातूची चमक असलेला कागद वीज वाहू शकतो, म्हणून तो मात्र पट्टीच्या मागे सरकवू नये, पट्टीच्या कडेलाच कापावा. सांध्यावर बाहेर आलेली खळ लगेच ओल्या स्पंजने टिपली पाहिजे. वाळली तर तिची चकाकी तशीच राहते.

दिवाळीआधीच सगळे उरकण्याचा आग्रह मात्र सोडावा, असे मी सुचवेन. सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत भिंती दमट असतात, ऑक्टोबरमध्ये रंगारी आणि कारागीर घाईत असतात, आणि प्रायमरला वाळायला वेळ दिला जात नाही. दिवाळीआधी रंगकाम करून सोफ्यामागची भिंत पुट्टी आणि प्रायमरवर ठेवावी. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत वॉलपेपर लावावा. त्यानंतर सोफा भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ठेवावा, म्हणजे मागे हवा खेळती राहील. येत्या पावसाळ्यात एखादा सांधा किंचित उचलला तर घाबरण्याचे कारण नाही. सांध्यासाठीचा गोंद बारीक ब्रशने आत सोडून छोट्या रोलरने दाबला की तो बसतो. पण सांध्याजवळ काळे-करडे ठिपके दिसले, किंवा कपाट उघडल्यासारखा कोंदट वास येऊ लागला, तर तो भाग ताबडतोब उघडून भिंत पाहावी, वरून पुसत बसू नये.

पुढे कधी कंटाळा आला तर नॉन-वोव्हन पाठीचा कागद वरच्या कोपऱ्यातून सोडवून खाली ओढावा, बहुतेक तो सलग येईल. मागे राहिलेली खळ कोमट पाण्याने धुऊन भिंत वाळू द्यावी आणि त्यावर प्रायमर मारूनच नवा रंग द्यावा. उरलेला रोल आणि लॉट क्रमांकाचे वेष्टण एका प्लॅस्टिकच्या नळीत, डांबराच्या दोन गोळ्यांसह, पोटमाळ्यावर आडवे ठेवून द्यावे. बेडरूमच्या भिंतीवर प्लॅस्टिकचे तुकडे लावल्यानंतर तिसऱ्या दिवशी काय दिसले ते फोटोसह कळवावे. त्या भिंतीसाठी कोणता कागद घ्यायचा हे त्यावरून निश्चित सांगता येईल.